किल्ली दामिनीकडे

मित्रांनो, दवनीवाड्याकडच्या एका लहानशा आरोग्य केंद्रातला मी जुना संगणक. आताशा फार थकलो आहे. पंखा घरघरतो, आणि वीज जाऊन आली की पुन्हा सुरू होणं जिवावर येतं.

पूर्वी माझ्या पडद्यावरच्या नोंदी येणारा-जाणारा कुणीही वाचायचा. गावातल्या दामिनीला सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे, हे असंच कुणीतरी वाचलं आणि गावभर झालं. तिचं जुळत आलेलं लग्न मोडलं. मग तिने इथे येणंच सोडलं. अंग ठणकलं तरी घरीच सोसायची.

पुढे नवी व्यवस्था आली. प्रत्येक नोंद सांकेतिक भाषेत कुलूपबंद होऊ लागली. मलासुद्धा ती वाचता येत नाही. किल्ली रुग्णाच्या फोनमध्ये. कुलूप कुणी उघडलं, हे ब्लॉकचेन नावाच्या साखळीत नोंदलं जातं. ती साखळी अनेक संगणकांत असते, त्यामुळे एकट्याला खाडाखोड करता येत नाही. इथल्या पुष्पांजली सिस्टर दामिनीला समजावून घेऊन आल्या.

"माह्या आजाराची चर्चा गावानं काऊन करावी?" ती रागानेच म्हणाली.

"आता तुह्याशिवाय कोणी उघडत नाही," सिस्टर म्हणाल्या. दामिनीने दुसरी किल्ली आईला, अनुसयाबाईंना दिली.

काही दिवसांनी गावातले मोठे कास्तकार छोटेलाल आले. "सिस्टर, दामिनीचा रिपोर्ट दाखवा जरा. लोक बोलतात ते खरं काय, पाहू द्या. पुतण्यासाठी पोरगी पाहून राहिलो."

"मलेच दिसत नाही. तिलेच विचारा."

ते पाय आपटत गेले.

धानाची रोवणी चालू असताना दामिनी शेतातल्या बांधीतच कोसळली. गोंदियाच्या दवाखान्यात पोचली तेव्हा तिला शुद्ध नव्हती. अनुसयाबाईंनी अंगठा टेकवून फोनवर परवानगी दिली. मागे रक्त चढवताना तिला काय त्रास झाला होता, ते तिथल्या डॉक्टरांना लगेच दिसलं. नेमकं जुळणारं रक्त मिळालं. पोरगी वाचली.

बरी झाल्यावर ती सरळ छोटेलालांच्या अंगणात गेली, असं सिस्टर सांगतात. "मले सिकलसेल आहे. तुमच्या पुतण्याची तपासणी केली का?" पुतण्या ओमेश दुसऱ्याच दिवशी इथे येऊन तपासणीसाठी रक्त देऊन गेला.

मित्रांनो, दामिनीने हो म्हटलं म्हणून तिची गोष्ट सांगितली. माझ्यावरची धूळ कधी पुसलीत तर बरं वाटेल. पण दुसऱ्याचं दुखणं त्याला न विचारता उघडू नका, एवढं नक्की पाळा.

ओमेशचा निकाल काय आला? मला माहीत नाही. आणि खरं सांगू, माहीत नसण्यातच आता मला विसावा वाटतो.