ओलं फडकं

सावित्रीबाईंनी हैदराबादच्या अफझलगंजात काळ्या मसाल्याचे दुकान थाटले, त्यांची लेक कुसुमताई हिने ते नावारूपाला आणले, आणि कुसुमताईंची मीना नुसत्या वासावर मिरचीचे पोते परत धाडीत असे. त्या मीनाची मुलगी गौरी आज सिकंदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात वाईनप्रमुख अप्पारावांच्या मागे ट्रे धरून उभी होती.

अप्पारावांनी फ्रान्सच्या बोर्दो भागातली तांबडी वाईन उघडली, ग्लासात नाक घातले आणि म्हणाले, "उत्तम!"

गौरीला मात्र ओल धरलेल्या गोणपाटाचा वास आला. बुचाने बाटली नासवली होती. असला माल सावित्रीबाईंनी उंबऱ्याआत घेतला नसता. आणि हा वास ओळखायला गौरीला शिकवले होते ते अप्पारावांनीच!

मग तिला उमगले. गेल्या महिन्यातल्या तापापासून अप्पाराव जळलेली कॉफीही मुकाट पीत होते. त्यांचे नाक गेले होते. निवृत्ती तोंडावर आली होती आणि दारात मॅनेजर उभा होता.

यजमान कौस्तुभ साने, मूळचे पुण्याचे, आयटी कंपनीचे साहेब. फ्रेंच पाहुण्यांसमोर त्यांनी ग्लास उचलला. थोरल्याने पसंती दिल्यावर धाकट्याने तोंड उघडायचे नाही, हा अप्पारावांचा दंडक होता.

"थांबा, सर!" गौरी पुढे झाली.

सान्यांनी ग्लास खाली ठेवला.

"काय झालं? यांनी आत्ताच उत्तम म्हटलं ना?"

"ग्लास मी ओल्या फडक्यानं पुसले, सर. त्यांना वास लागलाय. ग्लास बदलते, ओतलेली वाईन वाया गेली म्हणून बाटलीही नवी आणते. चूक माझी आहे."

"एवढ्या मोठ्या हॉटेलात फडकं धड नाही? पाहुण्यांपुढे शोभा केलीत! कामावर ठेवलं कुणी तुम्हाला?"

"मी ठेवलं, साहेब," अप्पाराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. पहिल्याच आठवड्यात गौरीच्या हातून जुनी, दुर्मिळ बाटली फुटली, तेव्हा मॅनेजरपुढे मान खाली घालून गौरीचे आत्ताचेच शब्द त्यांनी उच्चारले होते: चूक माझी आहे.

दुसरी बाटली उघडली. अप्पारावांनी ग्लास नाकाशी न नेता गौरीपुढे धरला. "बोल, पोरी. साहेबांना सांग."

गौरीने डोळे मिटले. "आधी पिकलं जांभूळ. मागून तंबाखूचं पान, देवदाराची फळी. कॅबर्ने द्राक्षानं हिला कणा दिलाय, मर्लोनं अंग भरलंय. मसाला जमून आला की लवंग वेगळी बोलत नाही, सर, तसं."

अप्पारावांनी सावकाश मान डोलावली. शिष्येची परीक्षा घ्यावी तशी.

सान्यांनी घोट घेतला. कपाळावरची आठी विरली. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्याने रिकामा ग्लास पुढे केला. "अजून घाला," साने हलकेच म्हणाले.

आतल्या खोलीत मॅनेजरने गौरीला यथेच्छ झापले. तो गेल्यावर अप्पारावांनी खिशातला बूच काढायचा जुना स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला.

"हे नक्को, सर."

"ठेव. मॅनेजरशी मीच बोलतो आता, सगळं खरं. तेव्हाचं तू फेडलंस, बेटा. काही बाकी नाही."

मग त्यांनी ती नासलेली बाटली उचलली, सवयीने नाकाशी नेली, क्षणभर वाट पाहिली, आणि हळूच तिला बूच लावले.