पुसलेलं तेल

मी मोटारसायकलचा पुढचा शॉकअप बोलतोय, डाव्या अंगाचा. आवाज कापरा वाटला तर सांभाळून घ्या. जन्मभर धक्के खाल्ले, पण खरा भ्यालो तो अलीकडेच.

वर पोलादाची चकचकीत नळी, पोटात स्प्रिंग आणि तेल, ते तेल बाहेर सांडू नये म्हणून गळ्याशी रबरी सील. एवढाच माझा संसार. उजवीकडे माझा जुळा भाऊ. खड्डा आला की आम्ही दोघं दबतो आणि धन्याच्या मनगटापर्यंत फार धक्का जाऊ देत नाही. कुणी आभार मानत नाही. ज्याचं काम सुरळीत चालतं, त्याची आठवण कोण काढतो?

माझा धनी टेलर. घर चढावर, दुकान उताराखाली. रोज सकाळी लेकीला मागे बसवायचं, शाळेत सोडायचं आणि दुकान उघडायचं. एकदा तो एका वळणावर घसरला, गुडघा फुटला. तेव्हा त्याच्या बायकोनं देवापुढे हात जोडले. "यांना रोज सुखरूप घरी आण. मी रोज माझ्या हातानं गाडी पुसेन, तोंडात तुझं नाव ठेवून."

माउलीनं शब्द पाळला. अंगात ताप असला तरी मऊ फडकं घेऊन ती दारात हजर. तिचा हात फिरला की मलाही अंघोळ झाल्यासारखं वाटे.

पुढे एका खोल खड्ड्यात माझं सील फाटलं. सकाळी गळ्याभोवती तेलाचं कडं जमलेलं. मला हायसं वाटलं, आता कुणीतरी पाहील!

पाहिलं की. लेकीनं.

"आई, हे तेल कसलं गं?"

"अगं, तेल सुटलं की पदार्थ मुरला समजावं. मुरली आता गाडी."

"मग बाबाही मुरलेत. त्यांच्या कपाळालाही तेल सुटतं."

"गप गं! दप्तर घे आधी."

आणि तिनं हसत हसत, देवाचं नाव घेत मला लख्ख पुसलं. त्या दिवसापासून रोज तेच. मी गळायचो, ती पुसायची. ओरडावंसं वाटे, पण मला तोंड कुठे आहे?

तेल कमी झालं तसा माझा दम गेला. खड्ड्यात खाडकन तळाला आपटू लागलो. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसायची. शेवटी टेलर मला मेकॅनिककडे घेऊन गेला, तेही सकाळीच, मी नुकताच पुसलेला असताना. मेकॅनिकनं वाकून पाहिलं. "नळी कोरडी ठाक आहे, मास्तर. शॉकअप गळत नाही. हँडलच्या बेअरिंगचे छर्रे झिजले असतील." छर्रे बदलले. माझं दुखणं तसंच राहिलं.

एव्हाना दिवसभराच्या धावपळीत माझं तेल ओघळून खाली ब्रेकच्या चकतीकडे निघालं होतं. थेंब खाली सरकला की माझा जीव वर यायचा. मागे ती पोर बसलेली!

आणि तो दिवस आला. घरासमोरचाच उतार, समोर अचानक हातगाडी. टेलरनं पुढचा ब्रेक आवळला. चकती तेलकट, चाक थांबेना. त्यानं मागचा ब्रेक दाबला, हँडल वळवलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसलो.

"बाबा," वाळूतून आवाज आला, "आपण आहोत ना?"

"आहोत, बाळा." टेलरनं तिला वाळूतून उचललं.

बायको धावत आली. लेकीला उराशी धरलं, टेलरला चाचपलं. मेकॅनिकला बोलावणं गेलं. तोवर काही सुचेना म्हणून तिनं फडकं आणलं. मेकॅनिक पोचला तेव्हा ती माझ्याकडे वाकत होती.

"वहिनी, थांबा! हात लावू नका." त्यानं माझ्या गळ्याशी, आपटल्यावर पुन्हा सुटलेल्या तेलाला चिकटलेली वाळू पाहिली. "हे रोज पुसता?"

"रोज. नेम आहे माझा."

"अहो वहिनी, तुम्ही गाडी नाही, पुरावा पुसत होता!"

तिनं फडकं मागे घेतलं. "म्हणजे माझ्याच हातानं..."

"असं नाही गं," टेलर म्हणाला. "तुझ्या नेमानंच तो ढीग आडवा आला असेल."

"ढिगाचं राहू द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "भाऊ, तेल नेमकं कुठून येतं ते मला दाखवा."

मेकॅनिकनं दाखवलं. मग आम्हा दोघा भावांना नवी सील, नवं तेल, ब्रेकला नवे पॅड, चकती स्वच्छ. सगळं झालं. पण वाळूचे बारीक ओरखडे माझ्या नळीवर राहिलेत. एक दिवस तेच हे नवं सील कुरतडतील, या धास्तीनं मी अजून धसकून असतो.

तुमच्याही दारात माझ्यासारखा कुणी मुका उभा असेल. पुसा हो, जरूर पुसा. पण त्याआधी जरा वाकून बघा.

आमच्या बाईंचा नेम सुटलेला नाही. देवाचं नाव घेऊन आता त्या आधी माझ्या गळ्याशी बोट फिरवतात आणि ते उजेडात धरतात. बोट कोरडं निघालं की त्या सुस्कारा सोडतात. तोवर माझाही श्वास अडकलेला असतो.