गाळासकट

"मॅडम, तुम्ही तपासलेले शिंपले तुम्ही स्वतः कधी खाल्लेत का?"

हा प्रश्न माझा नव्हता. मागच्या बाकावरच्या आमच्या टोळीने पैज लावली होती की मी तो विचारूच शकणार नाही, कारण फळ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडम म्हणजे माझी सख्खी आई. सख्ख्या आईला भर वर्गात 'मॅडम' म्हणायचं आणि वर तोंडावर पाडायचं! पण गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही पुटपुटणारी मी यंदा कुणाला ऐकते होय? उठले आणि ठणकावून विचारलं.

आई खाडीची शास्त्रज्ञ आहे. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी, तिथला चिखल, त्यात जगणारे जीव, हे सगळं ती तपासते. तेच सांगायला ती शाळेत आली होती. नदीच्या वरच्या अंगाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायचे. त्यातलं शिसं वाहत येऊन खाडीच्या गाळात बसलं, म्हणून खाडीकाठचा शिंपले काढायचा पट्टा कित्येक वर्षं बंद होता. मग आईच्या केंद्राने तिथले शिंपले तपासून 'खाण्यास योग्य' असा दाखला दिला आणि सहा वर्षांपूर्वी पट्टा उघडला. दर वर्षी नवा दाखला, दर वर्षी सही आईची.

"शिंपले आणले की आधी एक दिवस आणि एक रात्र स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवतो," ती सांगत होती. "पोटातला गाळ ते बाहेर टाकतात. मग उरलेल्या मांसात शिसं किती, ते मोजायचं."

"म्हणजे शिंपल्यांना आंघोळ घालता!" कुणीतरी मागून ओरडलं आणि वर्ग हसत सुटला. त्याच गोंधळात माझा प्रश्न जाऊन आदळला.

आई दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. घरी चल, मग दाखवते, असं ते बघणं होतं. मग म्हणाली, "नाही खाल्ले. मला त्यांचा वास सहन होत नाही."

"ओऽऽऽ!" वर्गाने सूर लावला.

"मग आमच्याकडे या ना मॅडम," ट्यूबलाइट उभी राहून म्हणाली. "आई मस्त करते."

ट्यूबलाइट आमच्या टोळीतलीच. काही सांगितलं की तिच्या डोक्यात अर्ध्या मिनिटाने उजेड पडतो, म्हणून ट्यूबलाइट. हे नाव मी ठेवलंय. ठेवलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पट्टा उघडला तेव्हा तिच्या घरचे खाडीकाठी राहायला आले. तिची आई ओहोटीला चिखलात उतरून शिंपले काढते.

"येते," आई म्हणाली. "रविवारी येते. तुमच्यासमोर खाते."

टाळ्या! मी पैज जिंकले होते. आठवडाभर मी जमिनीपासून दोन इंच वरून चालत होते.

रविवारी आई आणि मी गेलो. एकच खोली, दाराशी चिखलाने माखलेले रबरी बूट, भिंतीला टांगलेल्या टोपल्या. ट्यूबलाइटच्या आईने, म्हणजे काकूंनी, आम्हाला खाटेवर बसवलं.

"बसा मॅडम. तुमच्या सहीवर आमचं घर उभं आहे, आणि तुम्हाला आज वेळ मिळाला होय?"

आई हसली. काकूंनी शिंपल्यांची टोपली उचलली तेव्हा त्यांचं उजवं मनगट खाली लोंबलं, फडकं लोंबावं तसं. टोपली त्यांनी डाव्या हातावर पेलली.

"हा हात वर्षभर संपावर आहे," त्या म्हणाल्या. "चिखल उपसून उपसून रुसला असेल."

आईचं हसू तिथेच अडकलं. काकूंनी शिंपल्यांवर एक तांब्या पाणी ओतलं, टोपली दोनदा हलवली आणि सगळे शिंपले थेट उकळत्या पातेल्यात सोडले.

"काकू," आईचा आवाज बदलला होता. वयाने लहान असलेल्या बाईला तिने 'काकू' म्हटलं, इतकी ती गडबडली होती. "आधी पाण्यात ठेवत नाही?"

"खंगाळले की आत्ता."

"तसं नाही. एक दिवस. गाळ निघून जायला."

"दिवसभर ठेवायचे तर खायचे कधी?" काकू खो खो हसल्या. "आणि चव गाळातच असते, मॅडम. हे पाणी बघा कसं दाट होतं. तेसुद्धा आम्ही पिऊन टाकतो. ही तर वाटीला तोंड लावूनच बसते."

ट्यूबलाइट लाजली. वाटी भरून आईच्या हातात आली. पाणी राखाडी होतं. शब्द दिला होता म्हणून आईने एक शिंपला खाल्ला. तिच्या दातांखाली वाळू कचकचली, ती मला शेजारी ऐकू आली. मग तिने तपासायला म्हणून वीस कच्चे शिंपले मागून घेतले.

परतताना ती इतकी भरभर चालत होती की मी मागे पडत होते.

"आई, काय झालं?"

"आम्ही गाळ काढून मोजतो," ती म्हणाली. "लोक गाळासकट खातात. पुस्तकात तसंच लिहिलंय, आधी गाळ काढा, मग मोजा. सहा वर्षं मी ते अक्षरशः पाळलं. एकदा, फक्त एकदा, कुणाच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिले असते तर?"

मी तिच्या हातातून शिंपल्यांची पिशवी घेतली आणि तिला गाठायला जवळजवळ पळायला लागले.

त्याच दिवशी तिने दहा शिंपले पाण्यात ठेवले आणि दहा तसेच फोडले. गाळ काढायचा वेळ धरून मोजणीला चार दिवस लागले. गुरुवारी शाळेतून सुटून मी प्रयोगशाळेत गेले तर ती यंत्रापुढे हात मांडीवर ठेवून बसली होती.

"पाण्यात ठेवलेल्यांत शिसं मर्यादेच्या निम्मं," ती म्हणाली. "तसेच फोडलेल्यांत मर्यादेच्या नऊपट. तीनदा मोजलं."

"आणि काकूंचं मनगट?"

तिने होकाराची मान हलवली. शिसं अंगात साठत गेलं की मनगट असं लोंबतं, हे तिने मला सांगितलं. मोठ्यांच्या नसांवर ते असं उतरतं, आणि बाईच्या पोटात बाळ असेल तर त्याच्यापर्यंतही पोचतं म्हणे. लहानपणापासून पोटात गेलं तर डोकं मंदावतं. ऐकलेलं ध्यानात राहत नाही, आकडे सुटतात.

ऐकताना माझे कान तापले. तिसरीत पाढे म्हणण्यात आमच्यात पहिली कोण आली होती? ट्यूबलाइट. तेव्हा तिला तिच्या नावाने हाक मारायचो.

आई केंद्राच्या प्रमुखांकडे गेली. त्यांना आम्ही घरी 'भरती-ओहोटी' म्हणतो, कारण वरून हुकूम येईल तसे ते चढतात आणि उतरतात. या वेळी ते उतरले. पद्धत पुस्तकाप्रमाणे आहे, म्हणाले, मग चूक कसली? दहा शिंपल्यांवरून घबराट पसरवायची का? रीतसर अहवाल लिहा, दोन महिन्यांनी समितीची बैठक आहे. तोवर खोलीबाहेर एक शब्द नको.

जेवताना आईने हे सांगितलं आणि मी घास खाली ठेवला.

"दोन महिने ते खात राहणार?"

"दहा शिंपले म्हणजे पुरावा नसतो," आई ताटाकडे बघत म्हणाली. "मी आज ओरडले आणि उद्या आकडा चुकीचा निघाला तर? पट्टा बंद झाला तर सव्वाशे घरं बसतील."

"आणि बरोबर निघाला तर?"

"तू जरा हळू बोल," बाबा म्हणाला. बाबाचं चष्म्याचं दुकान आहे. जगातल्या प्रत्येक भांडणावर त्याच्याकडे एकच इलाज, जरा लांबून बघा. "प्रमुख काही अगदीच वेडे नाहीत. आणि तू कुठे बोलायचं नाहीस. टोळीतसुद्धा नाही. कबूल?"

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, आणि पाच दिवस पाळलंही.

ते पाच दिवस मधल्या सुट्टीत मी ट्यूबलाइटचा डबा मागून घ्यायचे आणि तिला माझा द्यायचे. तिचा डबा मी संडासात ओतून यायचे. सहाव्या दिवशी ती माझ्या मागे मागे आली आणि दारात उभी राहून तिने बघितलं.

अर्धं मिनिट गेलं. या खेपेला ते अर्धं मिनिट मला मोजवेना.

"आमचं खाणं घाण वाटतं का तुला?" तिने विचारलं.

"नाही गं. शप्पथ नाही."

"आई पहाटे उठून करते. तिला डॉक्टरांनी ताकदीचं खायला सांगितलंय. तिसरा महिना लागलाय ना तिला. ती स्वतः दोन्ही वेळा शिंपलेच खाते, बाळासाठी. तरी त्यातले माझ्यासाठी काढून ठेवते." तिने रिकामा डबा माझ्या हातातून घेतला. "मागच्या खेपेचं राहिलं नाही. त्याच्या आधीचंही. तुला सांगितलं नव्हतं मी."

ती गेली. गणिताच्या सरांनी पुढच्या तासाला तिला फळ्यापाशी बोलावलं, साध्या वजाबाकीवर ती अडली आणि टोळी हसली. माझ्याकडे बघून हसली, कारण अशा वेळी पहिली मी हसायचे.

घरी आले तेव्हा आई टेबलाशी अहवाल लिहीत होती. मागच्या चार पानांवर काट मारलेली. बाबा दुकानातून आणलेल्या काचा पुसत होता. मी दप्तर न काढताच बोलायला लागले.

"काकूंना तिसरा महिना लागलाय."

आईचं पेन थांबलं.

"आधीची दोन राहिली नाहीत. आता बाळासाठी म्हणून त्या दोन्ही वेळा तेच खातायत."

"अगं पण—" बाबाने तोंड उघडलं.

"बाबा, एक मिनिट. मी कबूल केलं होतं, ते आता परत घेतेय. उद्या मी शाळेत जाणार नाही. आठला पाणी उतरलेलं असेल, काकू साडेसातला निघतील. मी सातला त्यांच्या दारात असेन. मनगट कशाने लोंबतं ते सांगणार, नऊपट सांगणार, ट्यूब—, तिच्या डोक्याचं सांगणार आणि बाळाचंही. दाखल्यावर सही कुणाची आहे, तेही. दहाच शिंपले मोजलेत हे पण सांगेन आई, लपवणार नाही. मग खायचं की नाही ते त्या ठरवतील. तू आलीस तर तू बोल. नाही आलीस तर मी बोलणार. रक्तातलं शिसं कुठे तपासून मिळतं, तेवढं मला आत्ता एका कागदावर लिहून दे."