झाकणाचा स्टँड

"बघत बसू नकोस गं, हात फिरव. डोळे दिव्याला भुलतात."

कापडाच्या कारखान्यातल्या थोरल्या तपासनीसबाईंचा हा आवाज चिमटीबाईंच्या कानात अजून तसाच होता, थोडा घोगरा, थोडा दटावणारा. थोरल्या गेल्या, ते लांब टेबल गेलं, कारखान्याच्या जागी मोटारी उभ्या राहायला लागल्या, पण आवाज राहिला. टेबलावरून कापड सरकत यायचं, संथ पाण्यासारखं, आणि त्यावर तळवा टेकवून चिमटीबाई बसायच्या. कुठे धागा सुटला, कुठे वीण विरली, हे आधी बोटांना कळायचं आणि मग डोळ्यांना. राहिलेली गाठ बारीक चिमट्यानं अलगद उचलायच्या, म्हणून मैत्रिणींनी नाव ठेवलं चिमटी. पुढे केस पिकले तशी तिची चिमटीबाई झाली.

तर त्या बोटांना एका सकाळी कळलं, की आपला ब्रश ओला आहे.

आपण तर आत्ता उठलो. अजून तोंडात पाणी घेतलं नाही. मग ब्रश ओला कसा?

लेकीच्या घरचं बाथरूम म्हणजे नावाला बाथरूम. दार आत उघडायचं, ते उघडलं की बेसिन झाकायचं. साबण घ्यायला हात लांबवला की कोपर भिंतीला लागायचं. बेसिनच्या कडेवर काचेचा एक पेला, त्यात तिघांचे ब्रश आणि पोट दाबून दाबून अर्धमेली झालेली पेस्टची ट्यूब. ब्रश सगळे एकाच रंगाचे, कारण जावई आणायचा तो एकदम पाकीट आणायचा. चिमटीबाईंनी पहिल्याच आठवड्यात आपल्या ब्रशच्या गळ्यात लाल दोरा बांधून टाकला होता. कारखान्यात दोष दिसला की कडेला असाच दोरा बांधत. दोरा असा ठळक, की आंधळ्यालाही चुकू नये. तरीही ब्रश ओला.

दुसऱ्या दिवशी ओला. पुढच्याही.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. घरात माणसं तीन. लेक शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, काचेच्या नळ्या धुऊन पुसून जागच्या जागी ठेवणारी. ती आईचा ब्रश तोंडात घालणार नाही. राहिला कोण? जावई. पावाची गाडी चालवतो. उजाडायच्या आधी उठतो, लेकीची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही, चाचपडत तोंड धुतो आणि निघून जातो. चाचपडत. इथेच सगळं आलं.

पण बोलणार कसं? स्वतःच्या घरी असत्या तर केव्हाच बोलून मोकळ्या झाल्या असत्या. लेकीच्या घरात राहायचं आणि तिच्या नवऱ्याला म्हणायचं, 'माझा ब्रश तोंडात घालता का हो?' छे. एक वाक्य बोलायचं आणि घरातली हवा नासवायची. जुनी खोली त्यांनी अजून सोडली नव्हती, किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात होती, म्हणून धीर होता. इथे नाही जमलं, तर तिथे. एकटं तर एकटं. इकडे यायचं कारण त्यांनी तिथला जिना सांगितलं होतं, पण जिना काय, सावकाश चढला की चढतो.

त्यांनी वाकडी वाट धरली. जेवताना म्हणाल्या, "त्या पेल्याच्या तळाशी शेवाळ साचलंय. नीट काहीतरी आणायला हवं ब्रश ठेवायला."

"आणू की," जावई म्हणाला. "रविवारी जाऊ. आई, तुम्हीच पसंत करा. आमची पसंती तुमच्या तपासणीत कुठे पास व्हायची?"

एवढ्या लगेच हो म्हणाला, हेही चिमटीबाईंना खटकलं. मन साफ असलेला माणूस आधी 'कशाला' असं विचारतो.

दुकान अरुंद आणि खोल होतं. एका भिंतीवर नुसते नळ, एका भिंतीवर आरसे, त्यामुळे गिऱ्हाईक दिसेल त्या बाजूनं आपल्याकडेच येतंय असं वाटायचं. दुकानदाराच्या कानावर पेन्सिल आणि तोंडात बडीशेपेसारखी सतत चघळलेली वाक्यं.

"हा बघा, भिंतीला चिकटणारा. भोक पाडायला नको. दाबला की बसला."

"आणि ओलीनं सुटला की पडला," चिमटीबाई म्हणाल्या.

"मावशी, माझ्या घरी लावलाय."

"म्हणून म्हटलं. घरी बायको उचलून ठेवत असेल."

जावई हसला. लेक नाही हसली. ती स्टीलच्या एका साध्या कडीपाशी उभी होती. भिंतीत दोन स्क्रू, वर तीन भोकं, संपलं. "हा बरा आहे, आई. उघडा आहे. हवा लागते, ब्रश वाळतात."

"उघडा नको."

"का पण?"

"उघड्यावर कोणीही हात घालतं," चिमटीबाई म्हणाल्या, आणि तिरक्या नजरेनं आरशात जावयाकडे बघितलं. तो एक भलताच प्रकार हातात घेऊन बघत होता. त्यात ट्यूब उलटी खोचायची आणि ब्रशनं आत ढकललं की पेस्ट आपोआप बाहेर.

"हे बघा आई, यंत्रच आहे. दात पण तेच घासत असेल."

"दुसऱ्यानं घासलेले दात मला चालत नाहीत, जावईबापू."

हे बोलून त्यांनी त्याच्या चेहऱ्यावर बोटं फिरवावीत तशी नजर फिरवली. कुठे सुरकुती नाही, कुठे गाठ नाही. इतकं सफाईदार कापड असतं का कुठे? उलट लेकच मध्ये पडली, "चला, आटपा, त्यांना दुसरी गिऱ्हाइकं आहेत," आणि आईचा हात धरून पुढे झाली. नवऱ्याला सांभाळून घेतेय, हे चिमटीबाईंनी ओळखलं.

शेवटी त्यांना हवा तो मिळाला. पांढरी पेटी, हातभरही नाही, आत तीन वेगवेगळे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला आपलं झाकण. मधल्याला वाटीसारखा खोलगट भाग, ट्यूबसाठी. लेक म्हणाली, "झाकणानं आत ओल राहील." चिमटीबाई मनात म्हणाल्या, ओल राहते कुणामुळे ते तर कळू दे.

संध्याकाळी जावयानं पेटी भिंतीला लावली. दार अंगावर येत होतं म्हणून लेक बाहेरून ते धरून उभी, आणि आत जावई एका पायावर, दुसरा पाय बादलीवर. "थोडं डावीकडे," चिमटीबाई बाहेरून सांगत होत्या. "माझा कप्पा कडेचा. खिडकीकडचा. मधला नको आणि तुमच्या शेजारचा तर नकोच."

"अहो आई, तीनच कप्पे आहेत. शेजारी कोणीतरी येणारच."

"तिला येऊ दे."

लेक दाराआडून म्हणाली, "आई, तू सुतावरून स्वर्ग गाठतेस." पण आवाजात थट्टा नव्हती. उगीच दमलेला आवाज होता.

झाकण म्हणजे काही कुलूप नव्हे. तेव्हा चिमटीबाईंनी झोपायच्या आधी आपल्या कप्प्याच्या झाकणावरून लाल दोरा फिरवला आणि गाठ मारली. ही गाठ ऐरीगैरी नव्हती. कारखान्यात प्रत्येक तपासणारीची आपली गाठ असायची. गठ्ठा कुणी पास केला ते गाठीवरून कळायचं. त्यांची दोन वेढ्यांची, आणि तिसऱ्यांदा दोरा उलटा स्वतःखालून काढलेली. टेबलावर बायका गुणगुणायच्या,

*कापडाच्या पाण्यावर हात माझा होडी गं,*
*जिथे लागे गाठ तिथे थांबते मी थोडी गं.*

आता बघू, त्या म्हणाल्या. आता कोणाची होडी कुठे लागते ते बघू.

सकाळी उठल्या त्या थेट तिकडेच. दोरा जागेवर. गाठ जागेवर, दोन वेढे आणि तिसरा उलटा. त्यांना हायसं वाटलं. उगाच बिचाऱ्याला मनातल्या मनात बोल लावला, असंही वाटून गेलं. दोरा सोडला, झाकण उचललं, ब्रशवर बोट टेकवलं.

ओला. चिंब.

चिमटीबाई बेसिनला धरून उभ्या राहिल्या. गाठ तर आपलीच. ही गाठ जगात दुसऱ्या कोणाला मारता येत नाही. मग आठवलं. येते. एकाला शिकवली होती. मागे एकदा जावई म्हणाला होता, "आई, ती गाठ दाखवा ना, पावाच्या ट्रेवरचं कापड वाऱ्यानं सुटतं." त्यांनी दाखवली होती. त्याला जमली नव्हती. आपला जाडा अंगठा दोऱ्यात अडकवून तो हसत सुटला होता. जमली नव्हती, की जमली नाही असं दाखवलं? केवढा साळसूद. आपल्याच गाठीनं आपल्याला बनवतो.

त्या स्वयंपाकघरात आल्या. लेक ओट्यापाशी बटाटे चिरत होती. लगेच विषय काढायचा नाही, असं ठरवून त्या म्हणाल्या, "तुझे बाबा आले होते स्वप्नात. पायात बूट नव्हते. म्हणाले, तळवे गार पडलेत."

"हो का?" लेक म्हणाली. सुरी थांबली नाही. मान वर झाली नाही.

बाप स्वप्नात आला आणि हिला 'कसे दिसत होते' एवढंही विचारावंसं वाटू नये? चिमटीबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिलाही माहीत आहे. दोघांनी मिळून ठरवलंय. म्हातारीला सतवायचं, इतकं सतवायचं की आपल्या पायांनी निघून जाईल, आणि बोल मात्र यांच्यावर नको.

"गेला वाटतं तुझा नवरा? माझा ब्रश वापरून?"

आता सुरी थांबली.

"आई, आज त्यांची सुट्टी आहे. आत झोपलेत. ऐकू येतंय ना घोरणं?"

येत होतं. पावाच्या गाडीचं इंजिन तापावं तसं.

"मग तू," चिमटीबाई म्हणाल्या.

चिमटीबाई वळल्या, खोलीत गेल्या, पलंगाखालची पिशवी ओढली आणि तीत साड्या भरायला लागल्या. घडी न करता. आयुष्यात कापड त्यांनी असं कोंबलं नव्हतं. पर्समधली किल्ली काढून हातात घेतली.

"कुठे निघालीस?" लेक दारात उभी होती.

"माझ्या खोलीत. तिथे निदान माझा ब्रश कोरडा राहील."

"नाही जायचं."

"का? जिना चढताना पडेन म्हणून? पडले तर माझी मी पडेन."

"जिन्यासाठी नाही म्हणत मी."

"मग कशासाठी? बोल ना. तोंड शिवलंय का तुझं?"

लेकीनं चुन्यासारखे पांढरे, बटाट्याच्या पाण्यानं ओले हात गाऊनला पुसले. पलंगाच्या कडेवर बसली. सांगायचं नाही म्हणून इतके दिवस दातांखाली धरलेलं वाक्य, ते सोडताना तिचा जबडाच हलला आधी.

"ब्रश तूच ओला करतेस, आई."

"हं. आता हे."

"उजाडलं की तू उठतेस. दात घासतेस. झाकण लावतेस, दोरा बांधतेस, बाहेर येऊन माझ्याशी बोलतेस, आणि जाऊन पडतेस. मग डोळा लागतो. परत उठतेस तेव्हा तुला वाटतं, सकाळ आत्ता झाली."

"नवऱ्याला पाठीशी घालायला किती खोटं बोलशील?"

"आज बाबा स्वप्नात आले. बूट नव्हते. तळवे गार पडले होते." लेकीचा आवाज फाटला. "मघाशी मी बटाटे धूत होते तेव्हा सांगितलंस तू. मी विचारलं, कसे दिसत होते. तू म्हणालीस, बारीक झालेत, पण भांग नीट पाडला होता. मग मला रडू आलं, तर तूच माझे डोळे पुसलेस. आता परत सांगितलंस, तर मी 'हो का' म्हणाले. काय म्हणू? किती वेळा विचारू, कसे दिसत होते?"

चिमटीबाई उभ्याच होत्या. बारीक झालेत, पण भांग नीट पाडला होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे, त्यांना आठवत होतं त्याप्रमाणे, सांगितलेलं नव्हतं. आणि स्वप्नात दिसले होते ते अगदी तस्सेच.

शेजारच्या खोलीतलं घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज झाला, पुन्हा सुरू झालं. त्या बिचाऱ्याचा जाडा अंगठा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

"त्याला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच आधी ओळखलं. मला म्हणाले, काही बोलू नकोस, माझ्यावर संशय घेऊ दे त्यांना. माझं काय जातंय? त्यांनी स्वतःवर घेण्यापेक्षा बरं."

चिमटीबाई लेकीच्या शेजारी बसल्या. किल्ली मुठीत घट्ट होती, तिचे दात तळव्यात रुतत होते. कोंबलेल्या साड्यांतून एक त्यांनी बाहेर ओढली, मांडीवर पसरली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. मग साडीकडे बघतच बोलल्या.

"मी इकडे जिन्यासाठी आले नाही गं."

"मग?"

"भाजी घेऊन परत येत होते. आपल्या गल्लीत शिरले आणि थांबले. सगळी दारं ओळखीची, आणि त्यातलं माझं कोणतं, ते कळेना. समोर शिंपी बसला होता. त्याला विचारायचं, तर काय विचारायचं? माझं घर कुठलं, असं? इतकी वर्षं त्याच्याशी भांडले मी, टाके मोठे घालतोस म्हणून. उभी राहिले पिशवी घेऊन. अंधार पडायला लागला. लोकांच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत गेला. मग सुचलं. म्हटलं, जिथे दिवा लागणार नाही, ते माझं."