मांडीचा महिना

"करार संपला की पुढे काय?" आईने ताट पुढ्यात ठेवत विचारलं.

हा प्रश्न कोणत्या घरात विचारला जात नाही? मुलं कुठे तरी उमेदवारीला लागतात, वर्ष भरत येतं आणि घरातल्या मोठ्यांच्या जिवाला घोर लागतो. या घरातली मुलगी ट्रक चालवायची. उंचीने बेताची. सीटवर उशी ठेवल्याशिवाय तिला काचेपलीकडचा रस्ता दिसायचा नाही. म्हणून यार्डात तिला सगळे मुंगी म्हणत. "मुंगी स्वतःपेक्षा किती वजन उचलते, ठाऊक आहे का?" असं विचारून ती चिडवणाऱ्यांचीच तोंडं बंद करायची.

"पुढे काय म्हणजे? यार्डासमोरच्या कंपनीत जायचं," मुंगी म्हणाली. "नव्या कोऱ्या गाड्या, थंडगार केबिन, आरसेसुद्धा बटणावर फिरतात. माझ्याबरोबर शिकणारा झिपऱ्या नाही का गेला, वर्ष भरायच्या आधीच?"

"झिपऱ्याचं कौतुक मला सांगू नकोस. घरात येताना चप्पल काढायची आठवण नसते त्याला."

"गाडी चालवायला चप्पल कशाला काढावी लागते?"

"बरं बाई, तुझंच खरं. पण मास्तरांना सांगितलंस?"

मुंगीचा घास हातातच राहिला. ती पाणी प्यायली आणि तिने विषय बदलला.

मास्तर म्हणजे तिला गाडी शिकवणारे जुने ड्रायव्हर. त्यांच्या कंपनीत उमेदवारीच्या वर्षासाठी वेगळे ट्रक होते. त्यांत शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक पेडल असे. दोन्ही पेडलं एका लोखंडी दांडीने जोडलेली. शिकणाऱ्याने ब्रेक दाबला की मास्तरांच्या बाजूचं पेडल आपोआप खाली जायचं, मास्तरांनी दाबला की शिकणाऱ्याच्या बाजूचं. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात मास्तर पाय वर घेत आणि सीटवर चक्क मांडी घालून बसत. याला यार्डात 'मांडीचा महिना' म्हणत. तो पार पडला की फिटर सगळ्यांसमोर शेजारचं पेडल सोडवायचा आणि शिकणाऱ्याच्या हातात द्यायचा. टाळ्या, चहा, थोडी चेष्टा. झाला ड्रायव्हर!

मुंगीचा मांडीचा महिना सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेल्यातच जमा.

"आता माझ्याशेजारी कोण बसणार?" तिने ऑफिसात विचारलं होतं.

"कशाला हवंय कोणी?" साहेब फोनवर हात ठेवून म्हणाले. "चालवतेस की झकास! माल अडकून पडलाय. वर्ष भरलं की शिक्का मारून देतो."

मुंगी खूश झाली. खोटं कशाला सांगायचं? आपल्यातलं कोण खूश झालं नसतं?

पण पहिल्याच दिवशी तिला कसंसंच झालं. फाटकापाशी तिने ब्रेक दाबला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, शेजारच्या सीटपुढचं पेडल सावकाश खाली गेलं. सीट रिकामी. पेडलवर पाय नाही. तरी ते खाली गेलं, क्षणभर थांबलं आणि कोणी पाय उचलावा तसं वर आलं. दांडी आहे म्हणून तसं होतं, हे तिला पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट मनाला पटतेच असं नाही. सिग्नल आला की पेडल खाली. वळण आलं की पेडल खाली. दिवसभर कोणी तरी न बोलता शेजारी बसून होतं.

तिने त्या बाजूला पोतं टाकलं. पोत्याखाली काही तरी हललं की आणखी भीती वाटायची, म्हणून संध्याकाळी ते काढूनही टाकलं.

सुट्टीच्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. समोरच्या कंपनीचं सांगून टाकायचं, असं ठरवूनच. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते, उजवा पाय पाटावर ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा. त्यांच्या डोळ्यांत ओळख होती. ओठ हलले, शब्द आला नाही.

काकू चहा घेऊन आल्या. गळ्यात शिवणाची टेप. उभं आयुष्य मुलींना शिवण शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे समोरच्या माणसाच्या कपड्यांकडे आधी बघायची सवय. "बाही उसवलीय तुझी," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "मुंगे, एक विचारू? हा पाय मेलेला आहे म्हणतात डॉक्टर. चिमटा काढला तरी कळत नाही ह्यांना. पण दिवसातून कधी तरी तो एकदम पाटावर दाबला जातो. धप्प! असा. मी स्वयंपाकघरातून धावत येते, तर हे आपले खिडकीतून बाहेर बघताहेत. यांनाही ठाऊक नसतं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"शिरा ओढतात म्हणे. पण शिरा ओढल्या तर पाय आखडेल ना? हा दाबतो."

मुंगीने त्या पायाकडे पाहिलं. पाय निपचित होता. समोरच्या कंपनीचं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

त्याच आठवड्याच्या शेवटी करार संपणार होता. आदल्या दिवशी सकाळी ती भरलेला ट्रक घेऊन घाट उतरायला लागली. धुकं असं की रस्ता पुढे नाहीच, चाकापुढे जेवढा तेवढाच तयार होतोय असं वाटावं. केबिनमध्ये वायपरचा आवाज तेवढा. वळण ओळखीचं होतं. इथे ब्रेक कुठे दाबायचा, हे तिच्या अंगात होतं. ती जागा आली आणि तिने पाय पुढे नेला.

पायाखाली पेडल नव्हतं!

ते आधीच खाली गेलेलं होतं. तिचा पाय पोकळीत गेला आणि मग कुठे खोल त्याला टेकला. ट्रक कण्हत, थरथरत मंदावला. शेजारच्या बाजूलाही पेडल तळाला जाऊन घट्ट राहिलं होतं. वळण संपलं आणि धुक्यातून माणसं वर आली. माणसंच माणसं! एक बस बंद पडून आडवी उभी होती आणि उतारू रस्त्यावर पसरले होते. कोणी पिशव्या सांभाळत, कोणी पोर कडेवर घेऊन, कोणी नुसतंच उभं. ट्रक त्यांच्यापुढे येऊन थांबला. एका म्हातारीने हात लांबवला असता तर तो ट्रकच्या नाकाला लागला असता.

शेजारचं पेडल सावकाश वर आलं.

मुंगीने मान वळवली. सीट रिकामी होती. तरी ती पुटपुटली, "मास्तर?"

यार्डात फिटरने ट्रकखाली शिरून सगळं तपासलं. तोही एके काळचा ड्रायव्हर, पाठीने दगा दिल्यावर पाना हातात घेतलेला. "दांडी ठीक. हवेचा दाब ठीक. सगळं ठीक आहे," तो बाहेर येत म्हणाला. मग शेजारच्या दारातून आत वाकला आणि तसाच राहिला. "मुंगे, आज तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"नीट आठव."

त्या पेडलच्या रबरावर महिन्याभराची धूळ बसलेली होती. मधोमध मात्र ती पुसली गेली होती. जेवढी पायाखाली यावी, तेवढीच.

फिटरने हात पुसले. ते आधीच स्वच्छ होते, तरी बराच वेळ पुसले. "आपण चहा घेऊ," एवढंच तो म्हणाला.

मुंगी चहाला थांबली नाही. ती तडक मास्तरांच्या घरी गेली. दारातच काकू भेटल्या, चेहरा उतरलेला.

"बरं झालं आलीस. आज सकाळी काय झालं, सांगते. पाय असा आपटला यांनी की पाटाला चीर गेली! आणि उचलेचना. मी दोन्ही हातांनी ओढतेय, पाय हलायला तयार नाही. मग आपसूक सैल पडला. यांना घाम, मला घाम."

मुंगी उंबऱ्यावरच बसली. तिने घाट, धुकं, बस, सगळं सांगितलं. सांगता सांगता एक गोष्ट तिची तिलाच उमगली. "काकू, मी उशीरच केला होता. मी ज्या जागी ब्रेक दाबते ना, तीच जागा चुकीची आहे. वर्षभर ट्रक वेळेवर मंद व्हायचा, तो मास्तरांच्या पायाने. त्यांचा पाय आधी पडायचा, मला कळू नये इतका हलका. मला वाटायचं, मीच चालवतेय!"

काकूंनी गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाल्या, "माझ्याकडेही मुली शिकायच्या. कापड त्यांच्या हातात, पण माझं बोट कडेला टेकलेलं असायचं. शिवण सरळ आली की त्या नाचायच्या. मी बोट काढून घेतलं की वाकडी! म्हणून शेवटी मी हात मागे बांधून उभी राहायची आणि त्यांचं उसवणं बघायची. पण शिवण चुकली तर उसवता येते, मुंगे. तुझा ट्रक उसवता येईल का?"

"पण काकू, उद्या करार संपतोय. समोरच्यांनी जागा ठेवलीय माझ्यासाठी. आणि कंपनीला माझी काय पडलीय? साहेबांना माल पोचल्याशी मतलब."

"मग कंपनीसाठी राहा, असं कोण म्हणतंय? कंपनी काय तुझी मावशी लागते? पुढे जायचं तर खुशाल जा. पण एवढं सांग, समोरच्या त्या कोऱ्या गाडीत दुसरं पेडल आहे का?"

मुंगीने मान हलवली.

"नाही ना? मग तिथे दाबणार कोण? करार तारखेला संपतो. शिकणं तारखेला संपतं का? तुझं जे राहिलंय ते हक्काने मागून घे. मान खाली घालून राहू नकोस आणि अर्धवट शिकून पळूही नकोस."

तेवढ्यात खिडकीशी आवाज झाला. मास्तरांचं वाकडं झालेलं तोंड मोठ्या कष्टाने उघडत होतं. दोघी धावल्या.

"मां... डी," मास्तर म्हणाले.

झटका आल्यानंतरचा तो त्यांचा पहिला शब्द होता.

घरी येताना तिने झिपऱ्याला फोन केला. "तुझी गाडी उतारावर कशी आहे रे?"

"मस्त!" तो म्हणाला. मग हळूच, "खरं सांगू? उतारावर थांबतच नाही गं. ब्रेक बदलून घेतले दोनदा. गेल्या आठवड्यात कठड्याला घासली. गाडीतच काही तरी दोष आहे."

"दोष गाडीत नाहीये, झिपऱ्या," मुंगी म्हणाली. "कुठे आहे ते भेटल्यावर सांगते. तोवर ब्रेक लवकर दाब. तुला वाटतं त्याच्या खूप आधी."

दुसऱ्या दिवशी फिटर पाना घेऊन उभा होता. मंडळी जमली होती, चहाही आला होता. साहेबांनी शिक्का काढला. मुंगी पुढे झाली आणि म्हणाली, "शिक्का नको."

"म्हणजे? चाललीस ना समोर? सगळेच जातात," साहेब म्हणाले.

"जात नाही. माझा मांडीचा महिना राहिलाय. तो मला द्या. आणि यापुढे मांडीच्या महिन्याशिवाय कोणाच्या हातात ट्रक देऊ नका. काल घाटातल्या वळणावर मला उशीर झाला होता, साहेब. रस्त्यावर बस होती, माणसं होती!"

साहेबांनी चेष्टेने काही बोलायला तोंड उघडलं. पण फिटरने ट्रकचं दार उघडून पेडलकडे बोट दाखवलं. साहेबांनी धूळ पाहिली, धुळीतली ती पुसलेली जागा पाहिली. शिक्का खिशात गेला.

"शेजारी बसायला माणूस कुठून आणू?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी बसतो," फिटर म्हणाला. "पाठीने साथ सोडलीय, पण मांडी अजून घालता येते."

आणि मुंगी शिकली. त्या घाटात पहिल्या खेपेला फिटर जोरात ओरडला, दुसऱ्या खेपेला जरा हळू. हळूहळू तिचा पाय अलीकडे सरकत गेला. महिना भरला त्या दिवशी मालाविना एक खेप होती. यार्डातल्या पोरांनी मास्तरांना उचलून शेजारच्या सीटवर बसवलं. काकूंनी तो निपचित पाय दोन्ही हातांनी उचलला, दुमडला आणि मांडी घालून दिली. मग त्याही मागच्या बाकावर चढून बसल्या, टेपसकट.

वळण आलं. मुंगीने ब्रेक दाबला. पूर्वीच्या जागेच्या कितीतरी आधी. शेजारचं पेडल खाली गेलं, रिकामंच. मास्तरांचा पाय मांडीत होता तसाच राहिला. हलला नाही.

मास्तर हसले. अर्ध्याच तोंडाने, पण पूर्ण हसले.

त्यानंतर त्या घरात तो पाय पुन्हा कधी आपटला नाही.

मंडळी, आपणही शिक्क्याच्या मागे धावतो. वर्ष भरलं, कागद हातात आला की आपल्याला वाटतं, आलं सगळं. पण आपल्या हातून नीट झालेल्या कामात दुसऱ्याचा पाय किती होता, दुसऱ्याचं बोट किती होतं, हे आपण स्वतःला विचारतो का? ते विचारायचं आणि जे आपलं झालेलं नाही ते आपलं होईपर्यंत थांबायचं. त्यात कमीपणा कसला? कारण वळणापलीकडे नेहमी कोणी तरी उभं असतं, आणि आपण कुठवर शिकलो याची किंमत त्याला मोजावी लागते.

मुंगी आता स्वतः शेजारच्या सीटवर बसते. समोरच्या कंपनीतून परत आलेला झिपऱ्या तिचा पहिला शिकाऊ होता, आणि मांडीचा महिना त्यालाही चुकला नाही. पण अजून कधी तरी घरी जेवताना तिचा उजवा पाय अचानक जमिनीवर दाबला जातो आणि तसाच राहतो.

"काय गं, काय झालं?" आई विचारते.

"काही नाही," मुंगी घास खाली ठेवते आणि वाट बघते. "कोणी तरी उतारावर आहे."