हैबतीचा ट्रक आणि जळक्या तेलाचं मडकं

दचकू नका, हा मीच बोलतोय, बिरवाडीचा म्हातारा ट्रक. लढाईच्या काळात जन्मलो, पण मर्दुमकी म्हणाल तर पलटणीचे कांदे-बटाटे वाहण्यापलीकडे काही नाही. लढाई संपल्यावर सोनबाने मला लिलावात घेतलं. पोलादपूरच्या रानातला कोळसा महाडला पोहोचवण्यात आमची वर्षं मजेत गेली. चढावर मी कण्हलो की सोनबा म्हणायचा, "चल रे बाबा, उतारावर बसून घे." असा मालक पुन्हा मिळायचा नाही.

सोनबा गेला आणि मी खळ्याच्या कडेला उभा राहिलो. टपावर दुधीचा वेल चढला. शेजारच्या राहीबाईच्या कोंबड्यांनी माझी केबिन परस्पर बळकावली. मला विचारतो कोण?

एका थंडीत घरात बोलणं निघालं. सोनबाचा एकुलता एक मुलगा हैबती, त्याला मुंबईचा मामा गिरणीत चिकटवून देणार होता. संक्रांत झाली की निघायचं. पण गाव सोडायला हैबतीचा जीव होईना. तो आईला, बयाबाईला म्हणाला, "आये, संक्रांतीच्या आत बाबाची गाडी चालू झाली तर मी जात नाय." बयाबाईने चुलीत लाकूड सारलं आणि नुसतं "बघ बाबा" म्हणाली.

मदतीला त्याचे दोन दोस्त आले. मुरारी मुंबईच्या गॅरेजात थोडे दिवस राहून आलेला, म्हणून कशालाही "अरे यार, सिंपल हाय" म्हणायचा. चांगूला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुणाच्या शेतात वालाच्या शेंगा भरल्यात ते बरोबर कळायचं. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. तेव्हा कामाची तयारी रोज अशी, की पाना सापडायच्या आधी मडकं हजर. बॉनेट उघडलं, मुरारी "सिंपल हाय" म्हणाला, की चांगू पाल्याला पळालाच. शेंगा खाऊन होईतो दिवस बुडायचा. मला मोठी गंमत वाटायची.

पुढे गंमत वाटेना. संक्रांत उद्यावर आली. हँडल मारून मारून हैबतीच्या तळहाताला फोड आले, तरी मी ढिम्म. मी तरी काय करू? माझ्या सायलेन्सरात उंदरांनी संसार थाटला होता. नळीच बंद, श्वास सोडू कुठून? आणि हे शहाणे इंजिनच उचकत बसलेले.

त्या दुपारी मुरारीने माझं जळकं तेल काढलं. डबा सापडेना, म्हणून पोपटीच्याच मडक्यात धरलं, कुंपणापलीकडे ओतून टाकलं आणि सांगायचं विसरला. चांगूने नेहमीसारख्या त्यात शेंगा भरल्या. वारा लागू नये म्हणून मडकं माझ्या मागे, सायलेन्सरच्या तोंडाशीच मांडलं. जाळ धरला मात्र, मडक्यात मुरलेल्या तेलाचा काळाकुट्ट धूर उठला आणि थेट माझ्या नळीत शिरला. गंजलेल्या भोकातून उंदरांचं सगळं खटलं बाहेर पडलं आणि चांगूच्या पायांवरून पसार झालं.

मुरारी वाकून बघत राहिला. "हितं बिऱ्हाड हाय यांचं," तो म्हणाला. सिंपल म्हणायचं त्याला सुचलंच नाही. चांगूने तेवढ्यात काठीने मडकं कलतं करून एक अर्धकच्ची शेंग खाऊन पाहिली आणि बराच वेळ थुंकत बसला.

जाळ विझवून तिघांनी तारेने नळी खरवडली. चिंध्या निघाल्या, भाताचं तूस निघालं. नवं तेल भरलं. हैबतीने फोडांवर फडकं गुंडाळून हँडल धरलं आणि माझ्या कानाशी यावं तसा बॉनेटशी वाकला. "बाबा, आता नाय तर मी चाललो," तो म्हणाला. त्याने हँडल मारलं तसा मी खोकलो, शिंकलो, आणि तिसऱ्या फेऱ्याला जीव खाऊन धडधडलो.

केबिनमधून कोंबड्या उडाल्या. राहीबाई काठी घेऊन आली, "मेल्यांनो, अंड्यांवरची खुडूक कोंबडी उठवलीत माझी." बयाबाईही ओल्या हातांनी दारात आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली, आणि मुंबईसाठी भरून ठेवलेल्या ट्रंकेतले हैबतीचे कपडे एकेक काढून पुन्हा दांडीवर टाकू लागली.

आता मी रोज पोलादपूरच्या चढावर धापा टाकत असतो. वाटेत अडलेला दिसलो तर नावं ठेवू नका. खाली उतरा आणि खांदा लावा. एका आईचं पोरगं मी गावात ठेवून घेतलंय.