ओढ्यापलीकडचा दवाखाना

“बाळाचं नाव, आईचं नाव आणि विभाग,” खिडकीतली नर्स मान वर न करता म्हणाली.

विभाग म्हटल्यावर बाळाच्या आईने मागे वळून ओढ्याकडे पाहिलं. कडेवरचं वर्षाचं लेकरू दोन दिवस धापा टाकत होतं.

विभागांच्या सीमा तिनेच तर आखल्या होत्या. नियोजन कार्यालयात ती नकाशे काढायची. देशाचा विकास समतोल व्हावा म्हणून मागे पडलेल्या वस्त्या एका विभागात आणि पुढारलेल्या दुसऱ्यात घालायचं ठरलं; नव्या सोयी आधी मागे पडलेल्यांना. ओढ्याच्या अलीकडे तिचं घर होतं, पलीकडे धाकट्या जावेचं. अलीकडचा तक्ता साहेबांनी तिलाच भरायला दिला. ‘मुलांच्या दवाखान्याचं अंतर’ या रकान्यात तिने नकाशावर पट्टी ठेवून मोजलं आणि लिहिलं, चार किलोमीटर. मधला डोंगर कागदावर सपाटच होता. पलीकडे चौकशीला गेलेल्या माणसाला जावेने सांगितलं, “लेकरू काखेत घेऊन तीन तास.” ते वाचून ती गालातल्या गालात हसली होती.

निकाल लागला तेव्हा तिची वस्ती पुढारलेली ठरली, आणि मुलांचा नवा दवाखाना जावेच्या दारात उभा राहिला.

वर्षभर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या भिंती वर चढताना बघत होती. रंग लागला त्या दिवशी तिने खिडकी लावूनच घेतली.

“पोटात का दुखतंय तुझ्या?” नवरा म्हणाला होता. “रेघ तुझीच ना?”

“रेघ माझी, नशीब तिचं. बिनशिकलेली असून.”

“तिनं शिकून नाही, चालून मोजलं.”



“अहो बाई, विभाग?” नर्सने पुन्हा विचारलं. “दुसऱ्या विभागातल्यांना गुरुवारी या म्हणून सांगितलंय.”

आज सोमवार होता.

“आमचाच आहे,” मागून आवाज आला. जाऊ भिजल्या हातांनीच धावत आली होती. “आईच्या जागी माझं नाव लिहा.” मग हलकेच, “द्या ताई इकडे.”

ताईच्या हातांनी लेकरू सोडायला जरा वेळ लावला. जावेने त्याला सराईतपणे खांद्यावर टाकलं, आणि ते बघून तिच्या काळजात पुन्हा तीच कळ उठली. सगळं हिलाच कसं जमतं.

आत डॉक्टरांनी छातीला नळी लावली. “धाप कधीपासून?”

जावेने दारात थांबलेल्या ताईकडे पाहिलं. तिला कुठे माहीत होतं.

“शनिवारी संध्याकाळपासून,” दारातून ती म्हणाली. “दूध दोन घोटांच्या वर जात नाही. झोपताना डाव्या कुशीवर बरं वाटतं त्याला.”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. “तुम्ही कोण?”

लेकराने तिच्याकडे दोन्ही हात पसरले होते. तिने आपले हात पाठीमागे घेतले.

“मोठी काकू,” ती म्हणाली.